दारू सोडल्यानंतरचा पहिला आठवडा: मेडिकलमधलं काय घ्यावं, दवाखाना कोणता गाठावा

गटारीला शेवटची, मग श्रावणभर थेंब नाही, असा नेम करणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कुणी माळ घालतं, कुणी देवापुढे शपथ घेतं, कुणी घसरून पाय मोडून घेतं आणि हाडांच्या दवाखान्यात पडतं. निमित्त काहीही असो, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिले तीन-चार दिवस शरीर खवळतं. हात कापतात, घामाने अंथरूण भिजतं, झोप उडते. काहींना फिट येते. थोड्यांना भ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास त्यातले काही दगावतात. हेरॉइनचा विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावरचा असा त्रास, दिसायला भयंकर असतो, पण धडधाकट माणसाच्या जिवावर तो सहसा बेतत नाही. दारूचा बेततो, आणि हेच बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतं.

या आठवड्यासाठी बाजारात बरंच काही मिळतं: पुड्या, लिव्हर टॉनिक, आसव-अरिष्टं, झोपेच्या गोळ्या, 'ताकदीचं सलाईन', खाजगी 'डिटॉक्स पॅकेज', निवासी केंद्रं आणि सरकारी ओपीडी. यातलं पैशाला आणि जिवाला काय जागतं, त्याची ही पारख. निकाल आधीच सांगतो. सगळ्यात कामाच्या दोन गोष्टी सगळ्यात स्वस्त आहेत: थायमिन, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली पाच ते सात दिवसांत उतरत जाणारा गोळ्यांचा कोर्स. सगळ्यात वाईट गोष्टी दोन: चोरून जेवणात घालायची पुडी, आणि थायमिन न देता लावलेली ग्लुकोजची बाटली.

आधी घड्याळ

कुठलीही सेवा निवडण्याआधी शेवटचा पेग किती वाजता घेतला, हे कागदावर लिहा. पुढचं सगळं त्या वेळेवरून मोजतात. साधारण ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, चिडचिड सुरू होते. फिटचा धोका ६ ते ४८ तासांत. १२ ते ४८ तासांच्या दरम्यान काहींना भास होतात, म्हणजे भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. पण आपण कुठे आहोत हे त्यांना कळत असतं. ४८ ते ९६ तासांचा टप्पा डेलिरियम ट्रेमेन्सचा, ज्याला वॉर्डात नुसतं 'डीटी' म्हणतात. त्यात माणसाला दिवस-रात्र, घर-दवाखाना, माणसं यांचं भान राहत नाही. ताप येतो, नाडी जोरात पळते, तो चादर चिवडत बसतो, नसलेले दोरे ओढतो. त्रास न वाढल्यास पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत शरीर बरंच निवतं. झोप मात्र कित्येक आठवडे रुळावर येत नाही.

असं का होतं? दारू मेंदूला मंद करते. रोजच्या या मंदीशी जुळवून घेताना मेंदू आपली शांत करणारी 'गाबा' यंत्रणा ढिली करतो आणि चेतवणारी 'ग्लुटामेट' यंत्रणा वाढवतो. दारू तुटते त्या क्षणी ब्रेक सुटलेला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. उपचार म्हणजे तो ब्रेक काही दिवस बाहेरून देणं आणि हळूहळू काढून घेणं. यातूनच दुसरी एक गोष्ट निघते. सोडणं-धरणं, सोडणं-धरणं असं दर वर्षी केलं तर प्रत्येक वेळचा विड्रॉवल आधीपेक्षा जड जाऊ शकतो. 'गेल्या श्रावणात काही झालं नव्हतं' हा दाखला म्हणूनच बिनकामाचा आहे.

प्रमाणाचा अंदाजही हवा. १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम, यात जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज एक क्वार्टर किंवा जास्त, आणि सकाळी हात थांबावेत म्हणून 'उतारा' घ्यावा लागतो, अशा माणसाने मनाने, घरच्या घरी, एका रात्रीत दारू बंद करू नये. उतारा लागणं ही सगळ्यात बोलकी खूण आहे; डॉक्टर ती पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. अशा माणसाला दवाखाना दोन दिवसांनी मिळणार असेल, तर तोवर एकदम तोडण्यापेक्षा थोडी-थोडी पीत राहणं कमी धोक्याचं. घरच्यांना हे पटायला जड जातं, पण बाटली मोरीत ओतून पेशंटला खोलीत कोंडणं हा या आठवड्यातला सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे.

मेडिकलच्या काउंटरवर

ओआरएस घ्या, निःसंकोच घ्या. घाम, उलट्या आणि जुलाब यांत पाण्यासोबत क्षारही जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं एक लिटरचं पाकीट सुमारे २०.५ ग्रॅमचं असतं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५, सोडियम सायट्रेट २.९. पाकिटावर हे आकडे वाचा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट एकदम घाला. अर्धं आज, अर्धं उद्या असं केलं की प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं ओतून द्या. टेट्रा पॅकमधली फळांच्या चवीची पेयं यासाठी घेऊ नका; त्यांत साखर जास्त, क्षार कमी. मळमळ असेल तर ग्लास तोंडाला लावू नये, दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर द्यावं. किडनीचा, हृदयाचा त्रास असेल किंवा पोटात पाणी झालं असेल, तर ओआरएसही डॉक्टरला विचारूनच.

थायमिन, म्हणजे बी-वन. याला पैकीच्या पैकी गुण. सतत पिणाऱ्याच्या आहारात ते कमी असतं, आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि शरीरातला साठा काही आठवड्यांपुरताच असतो. ते फार खाली गेलं की वर्निके एन्सेफॅलोपॅथी होते: गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना झोकांड्या जाणं. पंचाईत अशी की हे सगळं 'अजून प्यायलेलाच दिसतोय' असं वाटतं आणि दुर्लक्ष होतं. तिन्ही खुणा एकत्र दिसतीलच असंही नाही. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. काउंटरवर 'बी-कॉम्प्लेक्स द्या' म्हटलं की जी लोकप्रिय कॅप्सूल हातात पडते, तिच्यात थायमिन साधारण १० मिलिग्रॅम असतं. इथे ते पुरणारं नाही. १०० मिलिग्रॅमची निव्वळ थायमिनची गोळी वेगळी मिळते, ती नाव घेऊन मागावी लागते. नीट जेवणाऱ्या, सौम्य त्रासाच्या पेशंटला डॉक्टर ती दिवसातून दोन-तीनदा देतात. पण जो महिनोन्महिने जेवलेला नाही, सुकलाय किंवा उलट्या करतोय, त्याला गोळीवर ठेवणं चूक. आतडं एका वेळी तोंडावाटे फार थोडं थायमिन आत घेतं, अशा पेशंटला इंजेक्शनच हवं. वर्निकेचा संशय असेल तर शिरेतून मोठे डोस, दिवसातून तीन वेळा, काही दिवस द्यावे लागतात. ते काम दवाखान्याचं.

पॅरासिटामॉल डोकेदुखीला चालतं, पण बेताने. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरसाठी दिवसाला २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, ही वरची मर्यादा धरावी. कावीळ असेल तर विचारल्याशिवाय एकही नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. दारूने सोललेल्या पोटातून रक्त यायला तेवढं निमित्त पुरतं.

लिव्हर टॉनिकबद्दल रोखठोक सांगायचं तर, या आठवड्याच्या त्रासावर त्याचा शून्य उपयोग. थरथर मेंदूतून येते, लिव्हरमधून नाही. तेवढ्या पैशात केळी, अंडी, दही आणा.

आसव आणि अरिष्टं ही याहून वाईट निवड, कारण ती चांगल्या हेतूने दिली जातात. 'अशक्तपणा आलाय, द्राक्षासव दे दोन चमचे', 'झोप नाही, अश्वगंधारिष्ट दे.' बाटली फिरवून लेबल वाचा. त्यावर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' आणि पुढे टक्केवारी छापलेली असते. ती बिअरइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त निघते. जो माणूस एकेक तास मोजून काढतोय, त्याच्या घशाखाली तीच चव उतरवायची आणि नंतर तो 'का घसरला' म्हणून विचारायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. काही खोकल्याची औषधं, माउथवॉश आणि टिंक्चर यांचंही तसंच. पुढे डायसल्फिराम, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की त्रास होतो ते औषध, सुरू करायचं असेल, तर ही यादी आणखी कडक पाळावी लागते.

आता पुडी. 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर, एसटी स्टँडच्या मागे आणि हल्ली मोबाइलवरही दिसतात. पुडीत काय आहे हे बहुधा लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम किंवा तसलं काही असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत मजल जाते. हृदय कमजोर असलेल्याचा जीव जाऊ शकतो. दवाखान्यातल्या डॉक्टरलाही कळत नाही की पोटात काय गेलंय. डायसल्फिराम हे चांगलं औषध आहे, पण ते पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, शेवटच्या पेगनंतर किमान २४ तास गेल्यावरच द्यायचं असतं. विड्रॉवलवर ते काहीच करत नाही. चोरून देणारी पुडी काहीच करत नसेल तर पैसे गेले, आणि करत असेल तर माणूस धोक्यात. दोन्ही बाजूंनी नापास.

उरल्या झोपेच्या आणि 'टेन्शनच्या' गोळ्या. शेजारच्याच्या अल्प्राझोलामची अर्धी पट्टी आणून द्यायची पद्धत खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन मधली. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं. याला कारण आहे. याच जातीची औषधं विड्रॉवलवर सगळ्यात गुणकारी ठरतात, पण दारूवर घेतली की श्वास मंदावतो आणि झोपेतच थांबू शकतो. काही जण धडधड थांबावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल आणतात. ते नाडी आणि थरथर दाबतं, फिट थांबवत नाही. वरून माणूस बरा दिसतो आणि धोक्याच्या खुणा झाकल्या जातात. फिटचं औषध म्हणून घरात पडलेल्या फेनिटोइनचाही दारूच्या फिटवर उपयोग होत नाही.

पिवळं सलाईन

आपल्याकडे अशक्तपणावरचा सर्वमान्य इलाज म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक बाटली चढवणं. दारू सोडलेल्या माणसाला घरचे बहुधा आधी तिथेच नेतात, म्हणून ही सेवा नीट तपासून बघायला हवी.

बाटली दोन प्रकारची: नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, किंवा डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज. बाटलीवर 'डी-५', 'डीएनएस' असं लिहिलं असेल तर त्यात साखर आहे. साखर पचवायला पेशीला थायमिन लागतं. ज्याच्या अंगात ते आधीच तळाला गेलंय, त्याला नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिन त्यात खपतं आणि सकाळपर्यंत ठीक बोलणारा माणूस संध्याकाळी वर्निकेत जाऊ शकतो. म्हणून नियम साधा: थायमिनचं इंजेक्शन आधी, निदान सोबत, मग ग्लुकोज. अपवाद एकच. रक्तातली साखर धोकादायक खाली गेली असेल तर ग्लुकोजसाठी थांबायचं नाही, थायमिन लगोलग द्यायचं.

'सलाईनमध्ये व्हिटॅमिन टाकलंय' असं सांगून बाटली पिवळी झालेली दाखवतात. तो रंग बी-टूचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. थायमिनला रंग नसतो. बाटली कितीही पिवळी असली तरी त्यात थायमिन किती, हे रंगावरून कळत नाही. सरळ विचारा, 'डॉक्टरसाहेब, थायमिन वेगळं दिलंय का, किती मिलिग्रॅम?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. केसपेपरवर लिहून देतो.

ही सेवा कधी चालेल? सौम्य त्रास, उलट्यांमुळे पाणी कमी झालेलं, डॉक्टर जागेवर असणारा, साखर तपासून आणि थायमिन देऊन बाटली लावणारा, तर जरूर. पण दोन तासांत बाटली संपवून घरी पाठवलं आणि त्याच रात्री ३० वा तास भरणार असेल, तर उपचार झाला या समजुतीत घर गाफील राहतं. नुसत्या सलाईनने ना फिट थांबते, ना डीटी.

गोळ्यांचा कोर्स: घरी की वॉर्डात

इथे खरा फरक पडतो. मनोविकारतज्ज्ञ किंवा याची सवय असलेला फिजिशियन पेशंटला बघून बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम सुरू करतो. लिव्हर फार खराब असेल, वय जास्त असेल तर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम, कारण त्यांचा निचरा करताना लिव्हरवर ताण कमी पडतो. क्लोरडायझेपॉक्साइड १० आणि २५ मिलिग्रॅममध्ये येतं. डोस पिण्याच्या प्रमाणावर आणि त्रासावर ठरतो, दुसऱ्याची चिठ्ठी वापरता येत नाही; पण चिठ्ठीचा आकार ओळखता यायला हवा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, तीन-चार वेळांत विभागून, रात्रीचा डोस मोठा. मग रोज साधारण पाचवा हिस्सा कमी. पाच ते सात दिवसांत शून्य. चिठ्ठीवर रोजचा वेगळा डोस आणि शेवटची तारीख नसेल, नुसतं 'दिवसातून दोनदा, महिनाभर' असेल, तर थांबून विचारा. एक सवय घालवताना दुसरी लागायचा रस्ता हाच.

चांगल्या ठिकाणी डोस डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. 'सीवा' नावाचा दहा मुद्द्यांचा तक्ता असतो: मळमळ, थरथर, घाम, घबराट, अस्वस्थ हालचाल, स्पर्शाचे, कानाचे आणि डोळ्यांचे भास, डोकेदुखी, भान. एकूण गुण ६७. आठच्या खाली सौम्य, आठ ते पंधरा मध्यम, पंधराच्या वर गंभीर. थरथर कशी बघतात ते पाहण्यासारखं आहे. सिस्टर पेशंटला दोन्ही हात समोर सरळ करायला, बोटं फाकवायला सांगते. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांच्या टोकांना लावते. तेव्हा बारीक कंप हाताला कळतो. तो झाला एक गुण. हात लांब केल्यावर स्पष्ट कापले तर चार, हात न उचलताही थडथड उडत असतील तर सात. तळहात ओलसर की कपाळावर घामाचे थेंब, याचेही असेच गुण. दर काही तासांनी हे पुन्हा होतं आणि कागदावर चढतं. ज्या ठिकाणी असा कागद पलंगापाशी दिसेल, त्या ठिकाणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

घरी कोर्स करता येतो, आणि सौम्य ते मध्यम त्रासासाठी तो चांगलाच चालतो, अटी मात्र मोडायच्या नाहीत. चोवीस तास शुद्धीत असणारं, न पिणारं माणूस सोबत. गोळ्या त्याच्या ताब्यात, कडीकुलपात, वेळेवर हातावर. पहिले चार दिवस रोज डॉक्टरची भेट, निदान फोन. घरात बाटली नाही. गाडी, विहीर, गच्ची, मशीन यांपासून लांब. गोळीच्या वेळेला पेशंट पेंगत असेल, हाक मारूनही नीट उठत नसेल, तर तो डोस द्यायचा नाही, आधी डॉक्टरला फोन. प्यायल्याचा वास आला तरीही तसंच.

घरचा कोर्स कुणाला नाहीच: आधी कधी फिट किंवा डीटी झालेल्याला, कावीळ किंवा पोटात पाणी झालेल्याला, गर्भवतीला, फार वयस्कर माणसाला, सोबत झोपेच्या गोळ्यांचीही सवय असलेल्याला, ताप असलेल्याला, नुकताच डोक्यावर पडलेल्याला, उलटी न थांबणाऱ्याला आणि मरणाची भाषा करणाऱ्याला. यांना वॉर्ड.

सरकारी, खाजगी आणि केंद्रं

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागाला आमची पहिली पसंती. मुंबईत केईएम, नायर, जेजे, पुण्यात ससून, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची सरकारी मनोविकार संस्था आयपीएचबी. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकाराची ओपीडी असते. तोटे खरे आहेत: रांग मोठी, ओपीडीच्या वेळा ठरलेल्या, खाटा मोजक्या, वॉर्डात गजबज. पण फिट आली तर मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयू त्याच आवारात असतं, आणि या आठवड्यात त्याहून मोठी सोय नाही. जाताना आधार कार्ड, जुने कागद, चालू औषधांच्या पट्ट्या, आणि शेवटच्या पेगची वेळ लिहिलेला तो कागद घेऊन जा. ओपीडी बंद असेल आणि त्रास वाढत असेल तर सोमवारची वाट बघू नका, कॅज्युअल्टीत जा.

खाजगी 'डिटॉक्स पॅकेज' घेताना एसी रूम आणि टीव्ही बघू नका. रात्री दोन वाजता डॉक्टर आवारात असतो की फोनवर? लोराझेपामचं इंजेक्शन आहे का? ते फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, तेव्हा फ्रीज दाखवा म्हणायला लाजू नका. ऑक्सिजन, साखर तपासायचं मशीन, थायमिनच्या अँप्युल आहेत का? पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात का? ही दोन्ही पिणाऱ्यात बऱ्याचदा कमी असतात आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर पैसे सार्थकी लागतील.

निवासी व्यसनमुक्ती केंद्रं हा वेगळा विषय, आणि इथे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय. अशा केंद्राचा खरा जोर गटचर्चा, समुपदेशन, घरच्यांना सोबत घेणं आणि नंतरचा पाठपुरावा यांवर. पहिल्या आठवड्यानंतर माणूस टिकतो तो त्यामुळे. दुसऱ्या टोकाला अशी ठिकाणं आहेत जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, कापणाऱ्या माणसाला 'सहन कर' म्हणतात, आणि घरच्यांनी पैसे भरले की गाडी पाठवून उचलून नेतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक आजारही येतात. त्याखाली केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. पेशंट स्वतः संमती देत नसेल तर तज्ज्ञांनी तपासूनच, ठरलेल्या मुदतीपुरता प्रवेश देता येतो. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर शोधा. 'पहिले पंधरा दिवस फोन नाही, भेट नाही, काही विचारू नका' असं सांगणाऱ्या ठिकाणी विड्रॉवलमधला माणूस ठेवून येऊ नका.

फोनवरच्या सेवांत १४४१६ ही टेलि-मानस आणि १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, दोन्ही मोफत. जवळचं ठिकाण विचारायला आणि रात्री घाबरलेल्या घराला धीर द्यायला उपयोगी. फिट आली, भान गेलं, तर तिथे नाही, १०८ ला फोन.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट, याच्या सभा मोफत आहेत, मराठीतही होतात, आणि पुढच्या आयुष्यासाठी मोलाच्या. त्या विड्रॉवलवर उपचार करत नाहीत, तसा त्यांचा दावाही नाही. अंग कापत असताना आधी दवाखाना, मग सभा.

घरच्यांच्या हातात जे आहे

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टोकदार सामान दूर, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको, हातपाय दाबून धरणं नको. थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण पहिल्या फिटमागे दुसरी येऊ शकते आणि डीटीची ती नांदी असू शकते. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली, तर एक क्षणही घालवायचा नाही.

भास आणि बडबड सुरू झाली की गावाकडे 'बाहेरचं लागलं' म्हणून देवऋषीकडे नेतात. तिसऱ्या दिवशी अंगारा लावत बसलेलं घर पेशंटचे सगळ्यात मोलाचे तास घालवतं. तसंच दुसरं टोक: प्रत्येक गोंधळ दारूचाच असं धरून चालणं. साखर उतरलेली असू शकते, पडून डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो, लिव्हरमुळे भान हरपलेलं असू शकतं. म्हणून भान गेलेल्याला तपासणी, आणि तीही आत्ता.

एक प्रसंग वारंवार घडतो. अपघात किंवा ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या माणसाचं पिणं घरचे लाजेखातर लपवतात. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून पळायला लागतो, आणि सर्जनला वाटतं भुलीचा परिणाम किंवा जंतुसंसर्ग. दाखल करतानाच सिस्टरच्या कानावर घाला: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. या तीन वाक्यांनी पुढचं सगळं टळू शकतं.

खोलीत उजेड मंद ठेवा पण अंधार नको, अंधारात भास वाढतात. एकाच माणसाने शांत आवाजात बोलावं, नातेवाइकांची रीघ लावू नये. चहा-कॉफी दोन कपांवर आणा. जेवणात मऊ भात, वरण, मीठ घातलेली पेज, ताक, केळं, उकडलेलं अंडं. थोडं-थोडं, दर दोन-तीन तासांनी. उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी भरपेट गोड खाऊ घालू नये, आणि थायमिन घेतल्याशिवाय ग्लुकोजची पावडर तर नकोच.

सातव्या दिवशी गोळ्या संपतात, थरथर थांबते, आणि घरात 'झालं, सुटली' असं वातावरण होतं. डॉक्टरची पुढची तारीख चुकवायची नाही ती याच दिवशी. दारू पिण्याची ओढ कमी करणारी औषधं आता सुरू होतात: लिव्हर ठीक असेल तर नाल्ट्रेक्झोन ५० मिलिग्रॅम रोज एक, किडनी ठीक असेल तर ॲकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, आणि पेशंट समजून-उमजून तयार असेल, हृदय-लिव्हर तपासलेलं असेल, तर डायसल्फिराम. थायमिन पुढेही चालू राहतं. झोप येत नाही म्हणून उरलेल्या क्लोरडायझेपॉक्साइडमधली एखादी रात्री घ्यायचा मोह पेशंटला आणि घरच्यांना, दोघांनाही होतो. उरलेल्या गोळ्या मोजून त्याच भेटीत डॉक्टरसमोर टेबलावर ठेवा.